नेस्टोरियस : एका खटल्याची दुसरी बाजू

प्रस्तावना

२२ जून ४३१ रोजी इफिसस शहरातल्या मरीयेच्या चर्चमध्ये दीडशेहून अधिक बिशप जमले आणि एकाच दिवसात त्यांनी कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप नेस्टोरियस याला पदावरून दूर केले. आरोपी त्याच शहरात मुक्कामाला होता, पण सभेत नव्हता. त्याच्या बाजूने बोलू शकणारे सिरियाचे बिशप अजून वाटेत होते. निकालाचे पत्र त्याला पाठवताना त्यावर ‘नवा यहूदा’ असे संबोधन घालण्यात आले. तेव्हापासून ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्या नावाचे एक पाखंड नोंदलेले असते. ख्रिस्ताच्या ठायी दोन निरनिराळ्या व्यक्ती होत्या, एक देवाचा पुत्र आणि दुसरा मरीयेचा, असे मानणारे ते मत. ज्याच्या नावावर हे मत चढले त्याने ते आपले असल्याचे मरेपर्यंत नाकारले.

हे पुस्तक त्या माणसाचे आहे, आणि ज्या वादात तो सापडला त्या वादाचेही आहे. वाचकाला पाचव्या शतकातल्या रोमन साम्राज्याची, तिथल्या धर्मपीठांची आणि त्यांच्या आपसातल्या चुरशीची ओळख असेलच असे आम्ही धरलेले नाही. म्हणून मूळ प्रश्न काय होता, तो कोणत्या परंपरांतून वाढला आणि त्याचे पडसाद पार कल्याणपर्यंत आणि गोव्यापर्यंत कसे पोचले, हे आधी सांगायला हवे.

प्रश्न असा की येशू देव आहे आणि माणूसही आहे, या विधानाचा नेमका अर्थ काय? चौथ्या शतकात आधी त्याच्या पहिल्या भागावरून रान पेटले. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ साली निकियाच्या परिषदेने हे मत फेटाळले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. तरी ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत हा वाद धुमसत राहिला. पुत्र पूर्णार्थाने देव आहे हे एकदा ठरल्यावर दुसरा भाग समोर आला. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला तो कोण? लाजरसाच्या कबरीपाशी रडला तो कोण? क्रूसावर मेला तो कोण? देवाला भूक आणि मरण नाही असे म्हटले तर हे सारे कुणा दुसऱ्याला झाले असे होते. ते देवालाच झाले असे म्हटले तर देवाच्या देवपणाला बाध येतो.

लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस याने यातून एक वाट काढली. ख्रिस्ताला शरीर माणसाचे होते, पण मानवी बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे पुत्रच, होता, असे त्याने सुचवले. ३८१ मध्ये हे उत्तरही नाकारले गेले, आणि त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. माणसाचे जे काही देवाने धारण केले नाही ते बरेही झाले नाही, अशी त्या काळच्या आचार्यांची धारणा होती. मानवी मन धारण केले नसेल तर मानवी मनाचे तारण कसे होणार? अवताराची कल्पना आपल्या ओळखीची असल्यामुळे मराठी वाचकाला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटण्याची शक्यता आहे. पण येथे बोलणे आहे ते एकदाच घडलेल्या देहधारणाचे. त्यातला जन्म खरा, वेदना खरी आणि मरणही खरे मानले जाते, आणि माणसाच्या तारणाचा सारा भार त्यावर टाकलेला असतो. म्हणून या चर्चेतला एकेक शब्द लोकांना जिवाभावाचा वाटत होता.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन मोठ्या परंपरा पूर्वेकडे तयार झाल्या होत्या. पहिली अलेक्झांड्रियाची. अथानेशियस या आचार्यापासून चालत आलेल्या या परंपरेचा भर एकतेवर होता. जो अनादी शब्द आहे तोच देह झाला, तोच जन्मला, तोच मेला, कर्ता एकच. दुसरी परंपरा अँटिऑकची. तार्ससचा डायोडोर आणि त्याचा शिष्य मोप्सुएस्तियाचा थिओडोर हे तिचे मोठे आचार्य. बायबलच्या वचनांचा अर्थ त्यांच्या प्रसंगाला धरून, शब्दशः लावायचा आणि ख्रिस्ताचे मानवपण कुठेही पातळ होऊ द्यायचे नाही, अशी यांची शिस्त. म्हणून शुभवर्तमान वाचताना हे देवपणाचे, हे मानवपणाचे, अशी निवड ते सावधपणे करीत. दोन्ही परंपरा निकिया मानणाऱ्या होत्या आणि दोघींनाही आपण तिचाच अर्थ सांगतो आहोत असे वाटत होते. अलेक्झांड्रियाला अँटिऑकच्या बोलण्यात दोन पुत्र दिसत, अँटिऑकला अलेक्झांड्रियाच्या बोलण्यात अपोलिनारिस दिसे. दोन्ही भीती अगदीच निराधार नव्हत्या. देहधारी शब्दाचा स्वभाव एकच, हे अलेक्झांड्रियाचा पुढचा आर्चबिशप सिरिल याचे आवडते सूत्र त्याला अथानेशियसच्या नावाने मिळाले होते. प्रत्यक्षात ते अपोलिनारिसच्या लेखनातून आलेले होते, हे पुढे उघड झाले.

आता नेस्टोरियस. तो सिरियातल्या जर्मानिकियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या मराशचा. अँटिऑकजवळच्या मठात तो संन्यासी म्हणून राहिला आणि वक्ता म्हणून त्याचे नाव झाले. ४२७ च्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप सिसिनियस वारला. राजधानीतल्या इच्छुकांमध्ये चढाओढ लागली, तेव्हा बादशहा थिओडोशियस दुसरा याने बाहेरचा माणूस आणायचे ठरवले. १० एप्रिल ४२८ रोजी नेस्टोरियसचा अभिषेक झाला. सॉक्रेटिस या तत्कालीन इतिहासकाराने त्याच्या पहिल्या प्रवचनाची हकीकत दिली आहे. पाखंड्यांपासून मुक्त केलेली पृथ्वी मला द्या, मी तुम्हाला स्वर्ग देईन, अशा अर्थाचे आश्वासन त्याने भर सभेत बादशहाला दिले. पाच दिवसांत एरियनपंथीयांचे प्रार्थनास्थळ पाडायला माणसे गेली. त्या लोकांनी हताश होऊन ते स्वतःच पेटवून दिले, आग शेजारच्या इमारतींना लागली आणि शहरात नव्या आर्चबिशपला ‘आगलाव्या’ हे नाव पडले. मे महिन्यात पाखंड्यांविरुद्ध कडक कायदाही निघाला. पुढे ज्याच्यावर पाखंडाचा शिक्का बसला, त्याने स्वतः तो शिक्का इतरांवर मारण्यात कुचराई केली नव्हती. ही गोष्ट या पुस्तकात कुठेही झाकलेली नाही.

ठिणगी पडली ती मरीयेच्या पदवीवरून. ‘थिओटोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, ही पदवी लोकांच्या प्रार्थनेत आधीपासून रुळलेली होती. नेस्टोरियसबरोबर अँटिऑकहून आलेल्या अनास्तासियस या धर्मगुरूने प्रवचनात तिच्यावर आक्षेप घेतला: मरीया स्त्री होती, आणि स्त्रीच्या पोटी देव जन्माला येणे अशक्य आहे. श्रोते खवळले. आर्चबिशप आपल्या माणसाला आवरील अशी अपेक्षा होती. त्याने उलट त्याची बाजू घेतली. प्रोक्लस या बिशपने खुद्द नेस्टोरियसच्या समोर मरीयेचा गौरव करणारे प्रवचन दिले, आणि नेस्टोरियसने लगेच उठून त्याला उत्तर दिले. युसेबियस नावाच्या वकिलाने शहरात जाहीर पत्रक लावले. त्यात नेस्टोरियसची आणि पूर्वी बहिष्कृत झालेल्या सामोसाताच्या पौलाची वचने शेजारी शेजारी मांडली होती. धर्मशास्त्र असे चव्हाट्यावर आले.

नेस्टोरियसचे म्हणणे नीट ऐकले तर ते उथळ वाटत नाही. शहरात देवमाता म्हणणारे आणि मनुष्यमाता म्हणणारे असे दोन गट त्याला आढळले होते. दोघांची समजूत पटावी म्हणून त्याने ‘ख्रिस्तोटोकोस’, ख्रिस्तमाता, हा मधला शब्द सुचवला. ख्रिस्त या नावात देवपण आणि मानवपण दोन्ही येतात, असा त्याचा मुद्दा होता. त्यामागे एक खोल धास्तीही होती. देव जन्मला, देव कष्टला, देव मेला असे सरसकट बोलू लागलो तर एरियसचे अनुयायी म्हणतील की पाहा, पुत्र दुःख भोगू शकतो, म्हणजे तो पित्याहून खालचा. निकियाचे रक्षण करायचे असेल तर कोणते विधान कोणत्या स्वभावाबद्दल आहे हे सांभाळलेच पाहिजे, असे त्याला वाटत होते.

अलेक्झांड्रियाचा आर्चबिशप सिरिल याला यातून निष्पन्न होणारी गोष्ट भयंकर वाटली. जन्मलेला, मेलेला आणि वेदीवर भक्तांना स्वतःचा देह देणारा जर स्वतः देवाचा शब्द नसेल, तर माणसाला वाचवले कोणी? शब्दाने जन्म आपलासा केला म्हणून माझा जन्म पवित्र झाला, मरण आपलेसे केले म्हणून माझे मरण हरले, अशी त्याची श्रद्धा होती. मरीयेच्या पदवीसाठी तो इतका हट्टाला पेटला याचे कारण हे. सिरिलला निव्वळ सत्तालोलुप ठरवणारे लेखन बरेच झाले आहे. त्याची पत्रे वाचताना मात्र त्या सगळ्या आक्रमकतेच्या तळाशी खरी तळमळ जाणवते.

तरीही सत्तेचे पाणी या वादात मुरलेले होतेच. ३८१ च्या परिषदेने कॉन्स्टँटिनोपलला ‘नवे रोम’ म्हणून मानाच्या क्रमात रोमखालोखाल जागा दिली. त्यामुळे अलेक्झांड्रियाचे जुने पीठ एक पायरी खाली गेले, आणि हे शल्य तिथे कधीच बुजले नाही. सिरिलचा मामा आणि त्याच्या आधीचा आर्चबिशप थिओफिलस याने ४०३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या जॉन क्रिसोस्टोमला पदच्युत करवले होते. तरुण सिरिल त्या सभेला मामाबरोबर हजर होता. आता सिरिलविरुद्ध तक्रार घेऊन काही अलेक्झांड्रियावासी राजधानीत आले होते आणि ते प्रकरण नेस्टोरियसपुढे येण्याची चिन्हे होती. रोमशी नेस्टोरियसने स्वतःच बिघडवून घेतले. पश्चिमेत दोषी ठरलेल्या पेलेजियसपंथीयांना त्याने आसरा दिला आणि पोप सेलेस्टाइन यांना त्यांच्याबद्दल वरचेवर पत्रे लिहिली. सिरिलने आपली बाजू लॅटिन भाषांतरासह रोमला पोचवली. ऑगस्ट ४३० मध्ये रोमच्या सभेने नेस्टोरियसला दहा दिवसांत माघार घेण्याची मुदत दिली आणि अंमलबजावणी सिरिलवर सोपवली. सिरिलने त्यात स्वतःची बारा धिक्कारसूत्रे जोडली. ती इतकी टोकाची होती की एरवी मध्यस्थी करू पाहणारे सिरियाचे बिशपही नेस्टोरियसच्या पाठीशी उभे राहिले.

बादशहाने ४३१ च्या पेंटेकॉस्ट सणाला इफिससला परिषद बोलावली. त्या २२ जूनचे कामकाज लेखनिकांनी टिपून ठेवले आहे, त्यामुळे तो दिवस आपल्याला जवळून पाहता येतो. बादशहाचा प्रतिनिधी कँडिडियन सगळे येईपर्यंत थांबा म्हणून विनवत होता. अडुसष्ट बिशपांनी लेखी हरकत घेतली. अँटिऑकचा आर्चबिशप योहान काही दिवसांच्या अंतरावर होता. सिरिल थांबला नाही. नेस्टोरियसला बोलावणी गेली. सगळे बिशप जमल्यावर येईन, असे त्याचे उत्तर होते. तिसऱ्या खेपेला त्याच्या दारावरच्या शिपायांनी बोलावणाऱ्यांना आतच सोडले नाही. मग सिरिलने नेस्टोरियसला लिहिलेले पत्र वाचले गेले आणि एकेका बिशपने उठून ते निकियाशी जुळते असे सांगितले. त्यानंतर नेस्टोरियसचे उत्तर वाचले गेले आणि त्यावर धिक्काराचा गजर झाला. दोन बिशपांनी शहरातल्या खाजगी संभाषणाची साक्ष दिली. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला देव म्हणायला नेस्टोरियस तयार नाही, असे त्यांनी सांगितले. हे वाक्य त्याच्या तोंडी कायमचे चिकटले. बाहेर लोक सकाळपासून ताटकळत होते. निकाल कळताच त्यांनी मशाली पेटवल्या आणि बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवले. बायका धूप जाळत पुढे चालल्या. सिरिलने हे स्वतः आपल्या लोकांना पत्राने कळवले आहे. ज्या माउलीला ते रोज हाक मारीत होते तिचा मान राखला गेला, हा त्या लोकांचा आनंद मनापासूनचा होता. वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेला जाणाऱ्या भाविकाच्या ओठी मरीयेसाठी जी पदवी असते, तिला चर्चची अधिकृत मान्यता मिळाली ती या परिषदेत.

चार दिवसांनी योहान पोचला. त्याने आपल्या चाळीसेक बिशपांची वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत केले. बादशहाने आधी दोन्ही निकाल मान्य करून दोघांनाही अटकेत ठेवले. मग दरबारात चक्रे फिरली. सिरिलच्या माणसांनी कोणत्या अधिकाऱ्याला काय पाठवले त्याची यादी आज उपलब्ध आहे. तीत गालिचे, पडदे, हस्तिदंती खुर्च्या आणि शेकडो पौंड सोने आहे. नेस्टोरियसने मठात परत जाण्याची परवानगी मागितली आणि ती लगेच मिळाली. सिरिल अलेक्झांड्रियात विजयी होऊन परतला. ४३३ मध्ये योहान आणि सिरिल यांच्यात समेट झाला. समेटाच्या मसुद्यात अँटिऑकची दोन स्वभावांची भाषाही आली आणि देवमाता ही पदवीही आली. नेस्टोरियसच्या पदच्युतीला योहानाने दिलेली संमती ही त्या समेटाची किंमत होती.

४३५ मध्ये बादशहाने नेस्टोरियसची पुस्तके जाळण्याचा हुकूम काढला. पुढे त्याला इजिप्तच्या वाळवंटातल्या महामरूद्यानात, आजच्या खार्गा भागात हद्दपार केले. तिथे टोळ्यांची धाड पडली, तो कैद झाला आणि नंतर सुटला. आपण पळून गेलो असे कोणी म्हणू नये म्हणून त्याने स्वतःच सरकारी अधिकाऱ्याला पत्र लिहून आपला ठावठिकाणा कळवला. अधिकाऱ्याने त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी हलवत ठेवले. या ओढाताणीत त्याच्या हाताला आणि बरगडीला जबर दुखापत झाली. इव्हॅग्रियस हा पुढचा इतिहासकार त्याला पाखंडीच मानतो, पण ही पत्रे त्याच्यामुळेच टिकली.

याच हद्दपारीत नेस्टोरियसने आपली बाजू लिहून काढली. तो ग्रंथ ‘हेराक्लिदिसचे पुस्तक’ या नावाने ओळखला जातो. लेखकाचे खरे नाव घातले असते तर तो जाळला गेला असता. त्यात तो इफिससचा हिशेब मागतो: फिर्यादी सिरिल, न्यायाधीशही सिरिल. त्यातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ४४९ मध्ये पोप लिओ यांनी ख्रिस्ताच्या दोन स्वभावांविषयी लिहिलेले पत्र त्याच्या वाचनात आले. आपण जे म्हणत आलो तेच यात आहे, असे त्याला वाटले. लिओंना लिहा, असे मित्रांनी सुचवले. त्याने नकार दिला. आपल्या नावाबद्दल लोकांच्या मनात इतका तिटकारा आहे की त्या नावाचा स्पर्श झाला तर लिओंचे खरे मतही संशयात सापडेल, असे त्याचे कारण होते. आपला धिक्कार होत राहिला तरी चालेल, सत्य स्वीकारले जावे, अशी भूमिका त्याने घेतली. ४५१ मध्ये चाल्सिदोनच्या परिषदेने ख्रिस्त एक व्यक्ती आणि दोन स्वभाव असल्याचे सूत्र ठरवले, आणि त्याच परिषदेने नेस्टोरियसचा धिक्कारही कायम केला. त्याच सुमारास तो वारला.

त्यानंतरचा इतिहास तीन प्रवाहांत वाहतो. चाल्सिदोन मानणारी रोम आणि कॉन्स्टँटिनोपलची परंपरा हा एक. चाल्सिदोनमध्ये नेस्टोरियसच मागच्या दाराने आत आला असे म्हणत बाजूला झालेली इजिप्त, आर्मेनिया, इथिओपिया आणि पश्चिम सिरियाची चर्चे हा दुसरा. तिसरा प्रवाह इराणी साम्राज्यातल्या पूर्वेच्या चर्चचा. ते चर्च नेस्टोरियसने स्थापलेले नाही. त्याच्या आर्चबिशप होण्याआधीच, ४२४ मध्ये, पश्चिमेच्या पीठांपासून त्याचा कारभार स्वतंत्र झाला होता. थिओडोरच्या भाष्यांवर पोसलेली एडेसाची विद्याशाळा बादशहा झीनोने ४८९ मध्ये बंद केली, तेव्हा ती परंपरा निसिबिसला गेली आणि इराणी चर्चचे पांडित्य तिथे फुलले. सातव्या शतकाच्या आरंभी बाबाई या आचार्याने त्या चर्चच्या ख्रिस्तविचाराला नेटकी मांडणी दिली. नेस्टोरियसला तिथे ग्रीक आचार्यांपैकी एक म्हणून मान मिळाला, त्याच्या नावाचा उपासनाविधी आजही वर्षातल्या ठराविक दिवशी चालतो. पण त्या चर्चला ‘नेस्टोरियन’ हे नाव लावले ते विरोधकांनी. याच चर्चचे धर्मप्रचारक ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत पोचले, आणि ७८१ चा शिलालेख शीआनमध्ये आजही उभा आहे.

आपला किनाराही या नकाशात आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने कल्लियाना नावाच्या भारतीय बंदराची नोंद केली. तिथे इराणमध्ये अभिषेक झालेला बिशप आहे, असे तो लिहितो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कॉस्मस स्वतः थिओडोरच्या परंपरेत शिकलेला होता, त्यामुळे ही नोंद परक्याची नव्हे, आपल्याच पंथबांधवांची चौकशी करणाऱ्याची आहे. केरळमधल्या संत थोमाच्या ख्रिस्ती समाजाचा संबंध शतकानुशतके याच पूर्वेच्या चर्चशी होता. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस केरळात गेले आणि उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून त्यांनी तो संबंध तोडायला लावला. नेस्टोरियसचा तिथे पुन्हा धिक्कार झाला, आणि सिरियाक पोथ्या दुरुस्त करण्याचे वा जाळण्याचे आदेश निघाले. इफिससच्या निकालाची अंमलबजावणी साडेअकराशे वर्षांनंतर गोव्याच्या धर्मपीठाने भारतात केली. त्या आगीत केरळच्या ख्रिस्ती इतिहासाचा किती ऐवज गेला याची मोजदाद आता होणे नाही. त्रिशूरमध्ये आजही या चर्चची शाखा नांदती आहे.

नेस्टोरियसविषयीच्या अभ्यासाचेही स्वतःचे वळण आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५३९ मध्ये जुनी साधने चाळून असे मत दिले की नेस्टोरियस उद्धट होता, त्याच्या विचारात चूकही होती, पण ख्रिस्तात दोन व्यक्ती आहेत असे त्याने शिकवले नाही. पुढे १८८९ मध्ये हक्कारीच्या डोंगरात, पूर्वेच्या चर्चच्या पात्रियार्कच्या, म्हणजे प्रमुख धर्मगुरूच्या, ग्रंथसंग्रहात, ‘हेराक्लिदिस’चे सिरियाक भाषांतर सापडले. सहाव्या शतकातल्या कुणा भाषांतरकाराने ते वाचवले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या चर्चच्या समाजावर जो संहार ओढवला त्यात मूळ पोथी नष्ट झाली. सुदैवाने त्याआधी तिच्या नकला निघाल्या होत्या, आणि पॉल बेजान यांनी १९१० मध्ये मजकूर छापला. फ्रीडरिश लूफ्स यांनी विखुरलेले तुकडे १९०५ मध्ये एकत्र केले होते. बेथून-बेकर यांनी १९०८ मध्ये नेस्टोरियस पाखंडी नव्हताच अशी बाजू मांडली. त्यानंतर सूर थोडा बदलला. लुइझे अब्रामोव्स्की यांनी ग्रंथाचा सुरुवातीचा भाग नेस्टोरियसचा नसल्याचे मत मांडले. सिरिलच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हेही दाखवून दिले की नेस्टोरियसला एकता मान्य होती, पण ती समजावून देणारी भाषा त्याला शेवटपर्यंत साधली नाही. सेबास्टियन ब्रॉक यांनी पूर्वेच्या चर्चला नेस्टोरियन म्हणणे चुकीचे कसे, हे सविस्तर मांडले. एडुआर्ड श्वार्ट्झ यांनी परिषदांची कागदपत्रे संपादित करून दिल्यामुळे हा सारा खटला आता कोणालाही मुळातून वाचता येतो.

मग हे आज, मराठीत, कशासाठी? पहिले कारण जिवंत माणसांचे आहे. पूर्वेच्या चर्चचा असिरियन ख्रिस्ती समाज गेल्या शंभर वर्षांत वारंवार उठवला गेला. २०१४ मध्ये निनवेच्या मैदानातून हजारो कुटुंबे पुन्हा परागंदा झाली. त्यांच्या माथी मारलेले नाव तपासून पाहणे हे त्यांच्याशी वागण्याचे किमान सौजन्य आहे. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे पात्रियार्क मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मरीयेला देवमाता म्हणणारे आणि ‘आमच्या देवाची व तारकाची, ख्रिस्ताची माता’ म्हणणारे यांची श्रद्धा एकच आहे, आणि दोन्ही संबोधने योग्य आहेत, असे तीत म्हटले आहे. १५६३ वर्षे लागली, पण हे घडू शकले.

दुसरे कारण आपल्या सार्वजनिक जीवनाचे आहे. मतभेद झाला की समोरच्याच्या बोलण्याचा सर्वांत वाईट अर्थ काढायचा, त्याला एखाद्या बदनाम नावाशी जोडायचे, आणि मग त्या नावालाच शिक्षा द्यायची, ही रीत इफिससला संपली नाही. ती सभेत, वर्तमानपत्रात आणि कुटुंबातही चालते. नेस्टोरियसने ती एरियनपंथीयांवर चालवली, सिरिलने नेस्टोरियसवर. राज्यसत्तेने एकदा श्रद्धेचा निवाडा हाती घेतला की आज आपल्या बाजूने निघालेला हुकूम उद्या आपल्यावर उलटतो, हा धडा इतक्या उघडपणे क्वचित कुठे सापडेल.

या पुस्तकात आम्ही नेस्टोरियसला हुतात्मा करायला निघालेलो नाही, आणि सिरिलला खलनायकही ठरवलेले नाही. दोघांची वचने शेजारी ठेवून, कोणता दस्तऐवज कोणाच्या हातून टिकला हे दर ठिकाणी सांगून, वाचकाला खटला पुन्हा ऐकता यावा एवढी सोय करायची आहे. विरोधकांनी नोंदवलेले वाक्य आणि आरोपीने स्वतः लिहिलेले वाक्य यांतला फरक प्रत्येक पानावर पाळला आहे. पारिभाषिक शब्द पहिल्यांदा आले तिथेच समजावले आहेत, आणि मराठी ख्रिस्ती समाजात जे शब्द रूढ आहेत तेच शक्यतो वापरले आहेत. पूर्वेच्या चर्चला त्याच्याच नावाने संबोधले आहे. भारताशी असलेला दुवा स्वतंत्रपणे तपासला आहे, कारण कल्याणच्या त्या बिशपाचा आणि उदयंपेरूरला जळालेल्या पोथ्यांचा विचार आपल्याकडून व्हायला हवा.

माझे स्वतःचे मत लपवत नाही. मरीयेला देवमाता म्हणण्यात सिरिल बरोबर होता असे मला वाटते, कारण प्रेम करणारा देव माणसाच्या दुःखापासून हातभर दूर राहतो ही कल्पना ख्रिस्ती श्रद्धेला पुरत नाही. पण देव आणि माणूस यांची सरमिसळ होऊ नये, येशूचे माणूसपण हा नुसता देखावा ठरू नये, हा नेस्टोरियसचा आग्रहही तितकाच खरा होता; चाल्सिदोनला तो स्वीकारावाच लागला. चर्चला दोघांचीही गरज होती, आणि एकाला वाळवंटात पाठवून दुसऱ्याला संत केल्याने ती गरज संपली नाही. वाचकाने माझ्या मताशी सहमत व्हावे अशी अपेक्षा नाही. त्याने नेस्टोरियसचे म्हणणे नेस्टोरियसच्या तोंडून ऐकावे आणि मग आपला निकाल द्यावा, एवढीच विनंती आहे. इफिससला जमलेल्या दीडशे बिशपांनी जे केले नाही ते आज आपल्याला करता येते.